पडलेला भाऊ, उभा असलेला भाऊ



धर्मग्रामात एखाद्याचे पाप उघडकीला आले की दोन प्रकारचे आवाज ऐकू येतात. एक आवाज म्हणतो, "जाऊ द्या हो, माणूस आहे, चुकायचाच. विषय वाढवू नका." दुसरा म्हणतो, "असल्या माणसाला देवळाची पायरी चढू देता कामा नये." पहिला आवाज दयेचा वाटतो, दुसरा पावित्र्याचा. बोलणारे दोघेही आपलेच असतात, आणि आपण ख्रिस्ताच्या बाजूने बोलत आहोत असे दोघांनाही मनापासून वाटत असते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रश्न आला की आम्ही एका जुन्या इतिहासाकडे वळतो. सुमारे पावणेअठराशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतील कार्थेज आणि इटलीतील रोम या शहरांत हेच दोन आवाज इतके चढले की ख्रिस्तसभा दुभंगायची वेळ आली. त्या वादातून ख्रिस्तसभेने जो मार्ग काढला, त्याच मार्गावर आजचे आपले पापनिवेदन उभे आहे, ज्याला आपल्याकडची जुनी माणसे अजून कुमसार म्हणतात. तो इतिहास आज आपण सावकाश पाहू या.

एका दाखल्यासाठी

इ. स. २४९ मध्ये डेसियस रोमचा सम्राट झाला. साम्राज्याच्या सीमेवर गॉथ टोळ्यांचे हल्ले चालू होते. जुन्या देवांची कृपा परत मिळवली तर साम्राज्य सावरेल, अशी त्याची धारणा होती. त्याने फर्मान काढले की साम्राज्यातील रहिवाशांनी देवांना बळी अर्पण करावा, द्राक्षारस ओतावा, बळीचे मांस चाखावे आणि तसे केल्याचा दाखला सरकारी मंडळाकडून घ्यावा.

असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या कोरड्या वाळूत आजपर्यंत टिकून राहिले. पपायरसवर लिहिलेले हे कागद इ. स. २५० च्या उन्हाळ्यातले आहेत. त्यांचा मसुदा जवळजवळ सारखाच आहे. अर्जदाराचे नाव, गाव, काहींत वय आणि अंगावरची खूण, आपण देवांना नेहमीच बळी देत आलो आहोत आणि आत्ताही तुमच्यासमोर दिला आहे असे निवेदन, शेवटी साक्षीदारांची सही आणि तारीख. एक दाखला तर मगरीच्या रूपातील देवाच्या पुजारिणीचा आहे! म्हणजे फर्मान नुसते ख्रिस्ती लोकांसाठी नव्हते, पण अडचण मात्र प्रामुख्याने ख्रिस्ती माणसाची झाली. इतरांसाठी तो सरकारी सोपस्कार होता. ख्रिस्ती माणसासाठी तो बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता.

रोममध्ये पोप फेबियन २० जानेवारी २५० रोजी रक्तसाक्षी झाले. ओरिजेन या थोर अध्यापकांना म्हातारपणी तुरुंगात घालून त्यांचे हाल करण्यात आले. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांना बिशप होऊन जेमतेम एक-दोन वर्षे झाली होती. त्यांनी शहर सोडले आणि लपून राहून पत्रांद्वारे आपली मंडळी सांभाळली. त्यांची मालमत्ता जप्त झाली.

पळत पळत पडलेले

पुष्कळ जण टिकले. त्यांनी तुरुंग, उपासमार, हद्दपारी सोसली. पण त्याहून पुष्कळ जण पडले. सिप्रियन यांनी इ. स. २५१ मध्ये पडलेल्यांविषयी एक प्रबंध लिहिला. त्यातले वर्णन वाचताना आजही मान खाली जाते. कोणी पकडायला येण्याची वाट न पाहता लोक आपणहून चौकाकडे धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी "उद्या या" म्हटले, तर "आजच उरकून टाका" अशी विनवणी काहींनी केली. आईबापांनी तान्ह्या लेकरांना कडेवर घेऊन नेले.

असे का झाले? सिप्रियन यांनी त्याचा दोष फक्त छळ करणाऱ्यांवर टाकला नाही. बऱ्याच वर्षांच्या शांततेत मंडळी सुस्तावली होती, असे ते सांगतात. जो तो आपली मिळकत वाढवण्यात गुंतला होता. काही बिशपही आपली मंडळी सोडून व्यापारात आणि व्याजबट्ट्यात पडले होते. घराला वाळवी आधीच लागलेली होती, वादळाने ती फक्त दाखवून दिली.

पडलेले सगळे मात्र सारखे नव्हते. काहींनी प्रत्यक्ष बळी दिला. काहींनी फक्त चिमूटभर धूप जाळला. आणि काहींनी यातले काहीच केले नाही, पण अधिकाऱ्याच्या हातावर पैसे ठेवून खोटा दाखला मिळवला. हा शेवटचा प्रकार आपल्याला अनोळखी वाटू नये. "मी देवाला नाकारले नाही, फक्त एक कागद घेतला," अशी त्यांची समजूत होती. सिप्रियन यांनी त्यांना सांगितले की तो कागदही ख्रिस्ताला नाकारणाराच आहे. मात्र कागद घेणारा आणि पहिल्याच हाकेला बळी द्यायला धावणारा यांना एकाच तागडीत तोलू नये, हेही त्यांनीच आवर्जून सांगितले. खूप वेळ हाल सोसून शेवटी शरीर हरल्यामुळे पडलेल्या माणसाबद्दल तर त्यांच्या लेखणीत कळवळाच आहे.

रोममधल्या दोन बहिणी

छळ अजून चालू असतानाच पडलेल्यांपैकी अनेकांना पश्चात्ताप झाला. त्यांना परत यायचे होते. पण परत यायचे कसे? ख्रिस्ताला उघडपणे नाकारणे हे इतके मोठे पाप समजले जात होते, की अशा माणसाला या जन्मी पुन्हा प्रभुभोजनाला बसवावे की नाही, यावरच एकमत नव्हते.

या काळातले एक पत्र आम्हांला फार जवळचे वाटते. सेलेरिनस नावाच्या तरुणाने ते रोमहून कार्थेजच्या तुरुंगातील लुसियन या आपल्या मित्राला लिहिले. सेलेरिनस हा रक्तसाक्ष्यांच्या घराण्यातला. त्याची आजी आणि दोन नातलग ख्रिस्तासाठी मेलेले. त्याने स्वतःही रोमच्या तुरुंगात बेड्या सोसल्या होत्या. म्हणजे मान वर करून बोलण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो त्याला होता.

पण पत्रात तो रडतो आहे. ज्यांना तो बहिणी म्हणतो अशा दोघी जणी पडल्या होत्या. त्यांपैकी एकीने पैसे देऊन बळी देण्यातून सुटका करून घेतली होती. त्यांच्यासाठी त्याने पुनरुत्थानाच्या सणातही आनंद केला नाही. गोणपाट आणि राख अंगावर घेऊन तो दिवस-रात्र शोक करत राहिला. आणि त्या दोघी काय करत होत्या? कार्थेजहून हद्दपार होऊन आलेले ६५ श्रद्धावंत रोमच्या बंदरावर उतरले, तेव्हा या दोघी त्यांना आणायला बंदरापर्यंत गेल्या. त्यांना शहरात आणले आणि पत्र लिहीपर्यंत त्यांचे सगळे करत होत्या. ज्या धैर्यात आपण कमी पडलो, ते धैर्य दाखवणाऱ्यांची सेवा त्या करत होत्या. उभा राहिलेला भाऊ पडलेल्या बहिणींसाठी राखेत बसला होता, आणि पडलेल्या बहिणी उभ्या राहिलेल्यांची सेवा करत होत्या. ख्रिस्तसभा म्हणजे काय, हे या पत्रातून जेवढे कळते तेवढे मोठमोठ्या व्याख्यांतून कळत नाही.

स्वस्त झालेली क्षमा

सेलेरिनसने लुसियनकडे त्या बहिणींसाठी क्षमेची मागणी केली होती. त्यामागे एक प्रथा होती. ख्रिस्तासाठी तुरुंगात असलेले श्रद्धावंत पडलेल्यांसाठी शिफारसपत्र देत, आणि त्या पत्राचा बिशप आदर करत. प्रथा सुंदर होती. ज्याने जास्त सोसले, त्याची प्रार्थना कमी पडलेल्याच्या कामी यावी, ही त्यामागची भावना.

पण पुढे पत्रांचा पूर आला. काही पत्रांत "अमुक माणसाला त्याच्या माणसांसह घ्यावे" एवढेच लिहिलेले असे. त्याची माणसे म्हणजे किती? सिप्रियन यांनी विचारले की एकाच्या नावावर वीस-तीस जण आले तर आम्ही काय समजायचे? लुसियनने तर एका दिवंगत रक्तसाक्ष्याच्या नावाने सरसकट सगळ्यांना शांती देऊन टाकली. काही धर्मगुरूही बिशपची वाट न पाहता, पश्चात्तापाची कोणतीही खूण न मागता, पडलेल्यांना प्रभुभोजन देऊ लागले. फेलिसिसिमस नावाच्या डीकनने या गटाचे पुढारीपण केले.

सिप्रियन यांनी याला ठाम विरोध केला. त्यांची उपमा वैद्याची आहे. जखम आत सडत असताना वरून कातडी जोडून देणारा वैद्य रोग्याचा मित्र नव्हे. घाईची क्षमा पडलेल्या माणसाला बरे होऊ देत नाही. ती त्याच्या हातातून औषधच काढून घेते.

विरोध करणे त्यांना सोपे नव्हते. ते स्वतः लपून बसलेले होते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होते. रोमच्या धर्मगुरूवर्गाकडून आलेल्या एका पत्रात तर मेंढरे टाकून पळणाऱ्या मोलकरी मेंढपाळाची आठवण करून दिलेली होती. सिप्रियन यांनी आपल्या शहर सोडण्याची कारणे सांगितली, लपलेल्या जागेतून आपण काय काय केले ते दाखवण्यासाठी आपली पत्रे रोमला पाठवली, आणि काम चालू ठेवले. पडलेल्यांबाबतचा निर्णय एकट्याने घेणार नाही, शांतता आल्यावर सगळे बिशप, धर्मगुरू आणि श्रद्धावंत मिळून घेऊ, असे त्यांनी कळवले. तोवर एक सवलत मात्र दिली. ज्याच्याजवळ शिफारसपत्र आहे असा पडलेला माणूस मरायला टेकला असेल, तर त्याला थांबवून ठेवायचे नाही. जवळचा धर्मगुरू आणि तोही नसेल तर डीकन त्याला शांती देईल.

मधला मार्ग

इ. स. २५१ च्या वसंतात सिप्रियन कार्थेजला परतले आणि आफ्रिकेतील बिशपांची सभा भरली. सभेने दोन्ही बाजूंची शास्त्रवचने समोर ठेवून दीर्घ चर्चा केली. निर्णय असा झाला. पडलेल्यांना आशेचे दार बंद करायचे नाही, कारण निराश झालेला माणूस पुन्हा जगाकडे वळतो. पण प्रायश्चित्ताशिवायही घ्यायचे नाही. प्रत्येकाची बाजू वेगवेगळी ऐकायची. तो कसा पडला, का पडला, कोणत्या दबावाखाली पडला हे पाहायचे. ज्यांनी फक्त दाखला घेतला, त्यांना चौकशीनंतर परत घ्यावे. ज्यांनी बळी दिला, त्यांनी दीर्घकाळ प्रायश्चित्त करावे आणि मरणाच्या वेळी त्यांना शांती मिळावी.

प्रायश्चित्त त्या काळी उघड असे. प्रायश्चित्त करणारे साधे कपडे घालून उपवास करत, दानधर्म करत आणि मंडळीला आपल्यासाठी प्रार्थना करायला विनवत. शेवटी बिशप आणि धर्मगुरू त्यांच्या डोक्यावर हात ठेवत. आजच्या आपल्या मनाला हे कठोर वाटेल. पण त्यात एक गोष्ट होती जी आपल्याकडे कमी झाली आहे. प्रायश्चित्त करणारा एकटा नसे. त्याच्यासाठी सगळी मंडळी रडत असे.

रोममध्ये मात्र वेगळेच घडले. तिथे मार्च २५१ मध्ये कॉर्नेलियस पोप झाले. त्यांचे धोरण सिप्रियन यांच्यासारखेच होते. नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूंना ते मान्य नव्हते. नोव्हेशियन साधे गृहस्थ नव्हते. त्रैक्याविषयी लॅटिन भाषेत ग्रंथ लिहिणारे ते मोठे विद्वान. त्यांचे म्हणणे असे, की ज्याने ख्रिस्ताला नाकारले त्याला देव क्षमा करो न करो, ख्रिस्तसभेने त्याला परत घेऊ नये, कारण ख्रिस्तसभा ही पवित्रांची सभा आहे. त्यांनी स्वतःला रोमचे बिशप म्हणून अभिषेक करवून घेतला. छळात टिकलेले काही नामवंत श्रद्धावंतही आधी त्यांच्या बाजूला गेले.

हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कठोर मार्ग वाईट माणसांना आवडतो असे नाही. तो बऱ्याचदा चांगल्या, सोसलेल्या, प्रामाणिक माणसांना आवडतो. कारण त्यांना वाटते की पडलेल्याला परत घेतले तर आमच्या सोसण्याला काय किंमत राहिली? उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातील थोरला भाऊही हेच विचारत अंगणात उभा होता. तो खोटे बोलत नव्हता. तो खरोखरच इतकी वर्षे राबला होता. फक्त धाकटा परत आल्याचा बापाचा आनंद त्याला कळला नाही.

रोममध्ये ६० बिशपांची सभा भरून तिने नोव्हेशियन यांना ख्रिस्तसभेबाहेर ठेवले. त्यांच्या बाजूला गेलेले ते श्रद्धावंत पुढे परतले आणि त्यांचे आनंदाने स्वागत झाले. नोव्हेशियन यांना अभिषेक देणाऱ्या तीन बिशपांपैकी एक जण रडत रडत परत आला. रोमच्या लोकांनी त्याच्यासाठी रदबदली केली आणि कॉर्नेलियस यांनी त्याला परत घेतले. पण घेतले ते साधा प्रापंचिक श्रद्धावंत म्हणून. बिशपपद परत दिले नाही.

सेरापियनचा नातू

नोव्हेशियन यांचा विचार पूर्वेकडेही पसरत होता. अंत्योखियाचे बिशप फेबियस त्याकडे झुकले होते. तेव्हा अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी त्यांना एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी वाद घालण्याऐवजी आपल्या शहरात घडलेली एक घटना सांगितली.

सेरापियन नावाचा एक वृद्ध होता. सारे आयुष्य त्याने श्रद्धेने काढले होते, पण छळाच्या वेळी त्याने बळी दिला. नंतर तो वारंवार क्षमा मागत राहिला. कोणी लक्ष दिले नाही. मग तो आजारी पडला. तीन दिवस त्याची वाचा गेली होती, शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी जरा बरे वाटले तेव्हा त्याने मुलीच्या मुलाला जवळ बोलावले आणि म्हटले की धर्मगुरूंना बोलावून आण, मला मोकळे करा.

पोरगा रात्रीचा धावत गेला. धर्मगुरू स्वतः आजारी होते, त्यांना येता येईना. पण मरणाऱ्याने मागितली, आणि विशेषतः आधीही मागितलेली असली, तर त्याला क्षमा द्यावी, अशी डायोनिसियस यांची आज्ञा होती. म्हणून धर्मगुरूंनी पवित्र भाकरीचा लहानसा तुकडा त्या मुलाच्या हाती दिला आणि सांगितले की हा ओला करून आजोबांच्या तोंडात घाल. मुलगा परतला. तो दारात यायच्या आत सेरापियनने पुन्हा डोळे उघडले आणि म्हटले की धर्मगुरू येऊ शकले नाहीत ना, मग तू लवकर कर. मुलाने तुकडा भिजवून त्याच्या तोंडात घातला. तो गिळून म्हाताऱ्याने लगेच प्राण सोडला.

डायोनिसियस यांनी फेबियस यांना एवढेच विचारले, की ही क्षमा मिळेपर्यंत देवानेच त्याला जगवून ठेवले नव्हते काय?

आजाऱ्यांना घरी पवित्र कम्युनियन नेणारे स्वयंसेवक आपल्या बहुतेक धर्मग्रामांत आहेत. त्यांनी ही गोष्ट मनात जपून ठेवावी असे आम्हांला वाटते. ज्या मंडळीने त्या म्हाताऱ्याचे ऐकले नाही ती चुकली, आणि मंडळीची ती चूक भरून काढायला देवाने एका पोराचे पाय वापरले.

नियम बदलला, का?

कार्थेजमध्ये लवकरच पुन्हा छळाची चाहूल लागली. त्याच सुमारास भयंकर साथही पसरली होती. सिप्रियन यांनी मंडळीला रोग्यांच्या सेवेला लावले, आणि फक्त आपल्या लोकांची नव्हे, ज्यांनी छळ केला त्यांचीही सेवा करा असे सांगितले. पुढच्या एक-दोन वर्षांतच पुन्हा बिशपांची सभा भरली. ४२ बिशपांनी पोप कॉर्नेलियस यांना पत्र लिहून नवा निर्णय कळवला. जे पडल्या दिवसापासून मंडळीच्या दारापासून हलले नाहीत आणि प्रायश्चित्त करत राहिले, त्या सगळ्यांना आता शांती द्यायची. मरणापर्यंत थांबवायचे नाही.

कारण काय दिले? ज्यांना आपण ख्रिस्तासाठी रक्त सांडायला सांगणार, त्यांना आधी ख्रिस्ताचे रक्त प्यायला न देणे कसे शोभेल? लढाईवर पाठवायचे आणि हत्यार द्यायचे नाही, असे करणारा सेनापती कसला? तोवर प्रभुभोजन हे प्रायश्चित्त पुरे झाल्यावर मिळणारे बक्षीस असल्यासारखे झाले होते. आता बिशपांनी ते दुबळ्याच्या ताकदीचे अन्न म्हणून दिले.

हे करताना सिप्रियन भोळे नव्हते. कॉर्नेलियस यांना लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात ते सांगतात, की परत येणाऱ्यांना घ्यावे म्हणून मंडळीची समजूत घालताना आपल्याला फार कष्ट पडतात. लोकांचा विरोध असताना आपण ज्यांना घेतले, त्यांतले एक-दोघे आधीपेक्षाही वाईट निघाले, हेही ते मान्य करतात. म्हणजे रागावलेल्या लोकांचे म्हणणे कधी कधी खरे ठरले. तरीही त्यांनी दार लावून घेतले नाही.

पदाच्या बाबतीत मात्र त्यांनी तडजोड केली नाही. स्पेनमधील बॅसिलिडीस आणि मार्शियालिस या दोन बिशपांनी असेच दाखले घेतले होते. त्यांना पुन्हा बिशपपदावर बसवू नये, असा निर्णय सिप्रियन आणि त्यांच्या सोबतच्या बिशपांनी कळवला. प्रायश्चित्त करून त्यांनी श्रद्धावंत म्हणून राहावे, वेदीपुढे उभे राहू नये.

कॉर्नेलियस इ. स. २५३ मध्ये हद्दपारीत मरण पावले. सिप्रियन यांनी १४ सप्टेंबर २५८ रोजी कार्थेजजवळ तलवारीखाली मान दिली. ज्यांच्या पळून जाण्याबद्दल एकेकाळी बोट दाखवले गेले, ते या वेळी पळाले नाहीत. त्यांच्या अटकेच्या रात्री आणि मरणाच्या वेळी मंडळीचे लोक गर्दी करून त्यांच्याजवळ होते. त्या गर्दीत एकेकाळी पडलेले आणि परत घेतलेले कितीतरी जण असतील.

नोव्हेशियन यांचा पंथ मात्र पुढे काही शतके चालत राहिला. इ. स. ३२५ च्या निकेया परिषदेत त्यांचा एक बिशप असेसियस हजर होता. श्रद्धेच्या मुद्द्यांवर त्याचे परिषदेशी एकमत होते, मग तू वेगळा का, असे सम्राट कॉन्स्टंटाईनने त्याला विचारले. त्याने डेसियसच्या काळची हकिगत आणि आपल्या पंथाचा कडक नियम सांगितला. तेव्हा सम्राट म्हणाला की मग तू एक शिडी घे आणि एकटाच स्वर्गात चढून जा. ही गोष्ट सॉक्रेटिस नावाच्या ख्रिस्ती इतिहासकाराने नोंदवली आहे. त्याच परिषदेने नंतरच्या एका छळात पडलेल्यांसाठी एकूण बारा वर्षांचे प्रायश्चित्त ठरवले, आणि त्याचबरोबर मरणाऱ्या कोणालाही शेवटच्या प्रवासाची शिदोरी नाकारू नये असेही ठरवले.

आपल्या धर्मग्रामात

या इतिहासातून आपण काय घ्यायचे?

पहिली गोष्ट, पापाला पाप म्हणायचे. दाखला विकत घेणाऱ्याला "त्यात काय एवढे" असे सिप्रियन यांनी म्हटले नाही. आपल्यातला एखादा दारूपायी घर मोडत असेल, मंडळाच्या पैशांत हात घालत असेल, बायकोला मारत असेल, तर "घरचा मामला" म्हणून गप्प बसणे ही दया नव्हे. प्रभूने मत्तयाच्या शुभवर्तमानात आधी एकट्याने भेटून सांगा, मग एक-दोघांना बरोबर घ्या, मग मंडळीला सांगा अशी पायरी घालून दिली आहे. आपण बहुतेकदा उलट क्रमाने जातो. आधी साऱ्या वाड्याला सांगतो आणि ज्याला सांगायचे त्याला कधीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट, प्रायश्चित्त आणि वाळीत टाकणे यांत फरक आहे. वाळीत टाकणे म्हणजे काय हे आपल्या भागातल्या लोकांना समजावून सांगायला नको. शेजारच्या महाराष्ट्रात विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. वाळीत टाकलेल्याशी बोलायचे नाही, त्याच्या दुःखाला जायचे नाही, त्याच्या लेकराबाळांनाही त्याची झळ. प्रायश्चित्त करणाऱ्यासाठी मात्र मंडळी प्रार्थना करते आणि त्याच्या परतीची वाट पाहते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात संत पौल हेच सांगतात. शिक्षा झाली तेवढी पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर दुःखाने तो बुडून जाईल. चुकलेल्या माणसाच्या घरी मयत झाली आणि आपण गेलो नाही, तर आपण त्याला प्रायश्चित्त दिले नाही, वाळीत टाकले.

तिसरी गोष्ट, क्षमा वेगळी आणि पद वेगळे. कॉर्नेलियस यांनी रडत आलेल्या बिशपला मिठीत घेतले, पण बिशपपद दिले नाही. ज्याने अधिकाराचा गैरवापर केला, त्याला पुन्हा त्याच अधिकारावर बसवणे म्हणजे क्षमा नव्हे. आणि जिथे कोणाला, विशेषतः लहान मुलाला, इजा झाली आहे, तिथे पहिली काळजी त्या लेकराची घ्यायची, मग पाप्याच्या आत्म्याची. अशा वेळी "मंडळीची बदनामी होईल" म्हणून कोणाला पोलिसांकडे जाण्यापासून अडवणे, हे जखमेवरून कातडी ओढून घेणेच होय.

चौथी गोष्ट उभ्या असलेल्यांसाठी. आपण उभे आहोत ते कशामुळे, हे एकदा तपासून पाहावे. कदाचित आपली परीक्षा अजून झालेली नसेल. पेत्र उभाच होता, कोंबडा आरवेपर्यंत. प्रभूने त्याला सरोवराच्या काठी जवळ घेतले, पण न विचारता नाही. तीन वेळा नाकारले होते, तीन वेळा प्रेमाबद्दल विचारले, आणि मग कळप सोपवला.

शेवटची गोष्ट. आपल्या प्रत्येक वाड्यात एखादा सेरापियन असतो. वर्षानुवर्षे देवळात न येणारा, काहीतरी घडले म्हणून तुटलेला, आणि एकदा-दोनदा परत येण्याचा प्रयत्न करून कोणाच्या तरी नजरेमुळे मागे फिरलेला. त्याच्याकडे धर्मगुरूंनीच जावे असे नाही. सेरापियनच्या घरी एक पोरगा गेला होता. या आठवड्यात आपल्यापैकी प्रत्येकाने अशा एका घराचे दार ठोठवावे. उपदेश करायला नको. "कसे आहात, बरेच दिवस दिसला नाहीत, रविवारी बरोबर जाऊ या का?" एवढे पुरे.

प्रार्थना करू या.

हे प्रभो येशू, तू आम्हांला आमची पापे लपवायला शिकवले नाहीस, आणि पापी भावाला टाकायलाही शिकवले नाहीस. जे पडले आहेत त्यांना परत येण्याचे धैर्य दे. जे उभे आहेत त्यांना राखेत बसून त्यांच्यासाठी रडण्याचे मन दे. आमच्या अपराधांमुळे ज्यांना इजा झाली त्यांना न्याय आणि आराम दे. आणि आमच्या मंडळीच्या दारातून कोणीही निराश होऊन माघारी जाऊ नये, एवढी कृपा आम्हांवर कर. आमेन.